थंड होईपर्यंत

आईच्या मनाविरुद्ध लग्न करून लखन केनवडहून पुण्याला गेला, तेव्हापासून आईने त्याचं नावही घेतलं नव्हतं. मंजुषा मात्र दर रविवारी जुन्या लॅपटॉपवर भावासोबत शर्यतीचा गेम खेळायची. फोनवर बोलणंही तेवढ्यापुरतंच. हल्ली लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, गाडी अडखळायची. तिने पंख्यातली धूळ काढली, लॅपटॉपवरचा भार कमी व्हावा म्हणून गेममधलं गवत, सावल्या बंद केल्या. तरी आज तो बंदच पडला. "थांब लखन, थंडा होऊ दे," ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता. शेजारी तुरीच्या शेंगा सोलणारी आई मान वर न करता म्हणाली, "त्याले इचार, जेवला का." लखन म्हणाला, "जेवलो, आई." "सुनेनं काय रांधलं?" आईने विचारलं. तो सांगत राहिला. मंजुषाने लॅपटॉप चाचपून पाहिला. तो केव्हाच थंड झाला होता. तिने बटण दाबलं नाही.