चौकातली झेरॉक्स

"घर कुणाच्या नावे करायचं, आजी?" वकील वृंदाने विचारलं.

"माझ्याच," शेजारी बसलेला मुलगा म्हणाला. "आईशी बोलणं झालंय सगळं."

मृत्युपत्राच्या नव्या सॉफ्टवेअरने तेही निमूट नोंदवून घेतलं. स्क्रीनवर हिरव्या खुणा पटापट उमटत होत्या. आजी मात्र पदराचं टोक पिळत होत्या.

हे ऑफिस वृंदाचे वडील चालवत, तेव्हा आईबापाबरोबर आलेल्या प्रत्येक लेकाला ते चौकात झेरॉक्स काढायला पिटाळत. ऑफिसात मशीन धूळ खात पडलेलं असताना! यावरून ती त्यांच्याशी किती भांडली होती. शेवटी हे सॉफ्टवेअर आणून तिने कागदच हद्दपार केला.

आजी आता दाराकडे बघत होत्या.

"दादा, आईंच्या आधारची झेरॉक्स लागेल. चौकातून आणता?"

"अहो मॅडम, सगळं स्कॅन केलंय ना?"

"केलंय. तरी लागते."

तो कुरकुरत उठला. दार लागलं तसं आजींनी पदराचं टोक सोडलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हं, आता विचार," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."