रिकाम्या खुंट्या

खुंट्या जागेवर होत्या, तार नव्हती. मंजुषाने एका खुंटीला लाथ हाणली. तार अडकवायला वर खोचलेली प्लास्टिकची बाटली उडून तुरीत जाऊन पडली.

"या ना मॅडम, चहा ठेवलाच हाय," वावराचे मालक रूपराव बांधावरून म्हणाले. "अन् बिनधास्त चाला. आज काईच नाई इथं."

मोहखेडी हे महिन्यातलं चौथं गाव. रानडुकरांसाठी दिवस मावळताना वावराभोवती तार बांधायची, विजेच्या खांबावर आकडा टाकायचा आणि पहाटे सगळं गुंडाळून साळसूद चेहऱ्याने फिरायचं, हा इथला रिवाज. मागच्या महिन्यात अशाच तारेवर एक वाघ मेला. आता सेलूकडच्या या पट्ट्यात दोन बछड्यांची एक वाघीण उरली होती, आणि तिची वाट याच वावरांतून होती. मंजुषाची संस्था वन्यजीवांसाठी काम करायची. काम म्हणजे वनरक्षकांना घेऊन अंधार पडताना वावरं पायी पिंजून काढायची आणि तारा जप्त करायच्या. चारही गावांत त्या आधीच निघालेल्या होत्या.

"कोणीतरी आधीच सांगून राह्यलं," जीपमध्ये बसताना ती म्हणाली.

ड्रायव्हर बंडूजींनी खर्रा दुसऱ्या गालात सरकवला. "सांगत असन कोणी."

"कोणत्या गावाले जायचं ते सकाळपासून तुम्हाले माहीत असते, बंडूजी."

बंडूजी अकरा वर्षं ही जीप चालवत होते. विहिरीत पडलेलं कोल्ह्याचं पिल्लू अंगातल्या शर्टात गुंडाळून आणणारा हा माणूस. त्यांनी जीप ऑफिसात आणून लावली. मग किल्ली टेबलावर ठेवली.

"चोर म्हटलं असतं तं चाललं असतं, मॅडम," एवढंच म्हणाले आणि पायी निघून गेले. मंजुषाने त्यांना थांबवलं नाही. ती इतकी संतापली होती की तिला वाईटसुद्धा वाटलं नाही.

चार दिवसांनी दुपारी ती नालवाडीच्या घरी जेवायला आली, तेव्हा तिची आई मंदाबाई वही उघडून फोनला चिकटल्या होत्या. लग्नं जुळवायचा त्यांना भारी नाद. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावातले दोन-चार नंबर त्या वहीत सापडायचे.

"पिंपळझरीचा पोरगा हाय," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी पाह्यले येऊ म्हणते."

"आज नाई. आज मी पिंपळझरीलेच चालली, कामाले. तिथं उगाच तमाशा नको."

"मंग तिथंच पाहून घेतीन तुले!"

"आई!"

"आई काय? पोरीच्या जातीनं अंधारात वावरा-वावरानं हिंडायचं, अन् म्या इथं देवापाशी बसून राह्यचं. एक दिवस माह्या जिवाचं काही होईन, मंग समजन तुले."

मंजुषाने भाताचा शेवटचा घास कसाबसा गिळला आणि निघाली. या बायकांना लग्नाशिवाय दुसरं काही सुचतच नाही, याचा तिला राग आला.

या वेळी तिने ऑफिसात कुणालाच गाव सांगितलं नव्हतं. वनरक्षक गाडीत बसल्यावर त्यांचे फोन पिशवीत गोळा केले, मग गावाचं नाव घेतलं. जीप स्वतः चालवली.

पिंपळझरीत खुंट्या होत्या, तार नव्हती.

"बिनधास्त चाला, ताई," कुणीतरी मचाणावरून ओरडलं.

"तारा कुठं लपवल्या ते सांगा!" ती घसा फाटेस्तोवर किंचाळली. मचाणावरचा माणूस विडी ओढत राहिला. बंडूजी तर या वेळी नव्हते, मग कोण? बंडूजींना फोन करावा असं मनात आलं, पण तिने तो केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकाचा फोन आला. वाघीण पिंपळझरीच्या त्याच वावराच्या बांधावर पडली होती, पुढचा पंजा तारेला चिकटलेला. तार त्याच खुंट्यांवर होती. बछडी तुरीत दबून बसली होती आणि माणूस जवळ गेला की आईकडे पळत होती. मंजुषा बांधावर बसून ढसाढसा रडली. मग उठली आणि रिकाम्या मचाणाला शिव्या घालत राहिली.

चार वाजता ती कपडे बदलायला घरी आली.

"जेवली काय, माये?" मंदाबाईंनी विचारलं.

"वाघीण मेली, आई. परवा तार सापडली असती तं जगली असती." तिने चिखलाचे बूट भिंतीवर भिरकावले. "ज्यानं गावात खबर देल्ली ना, त्यानंच मारलं तिले. मले तो सापडू दे फक्त. आज पुन्हा मोहखेडीले चालली मी."

मंदाबाईंनी बूट उचलून दाराशी नीट ठेवले आणि डबा भरायला आत गेल्या.

मंजुषाने न्हाणीत तोंडावर पाणी मारलं, बंडूजींची माफी मागायची असं ठरवलं आणि नळ बंद केला. स्वयंपाकघरातून आईचा दबका, रडवेला आवाज येत होता.

"रूपरावभाऊ, नालवाडीची मंदाबाई बोलून राह्यली. पोरगी आज पुन्हा तुमच्याकडं येते. अंधारात तिचा पाय पडला तं मी काय करू? मागच्या वेळेसारखी आजच्या दिवस तार काढून ठेवा, तुमच्या पाया पडते. उद्या बांधा ना मंग."