सरावाचं घर

"काका, बाथरूमची कडी आतून लागते ना?" सरावाला आलेल्या एका मुलीने विचारलं आणि स्वतः लावून पाहिली.

परदेशी विद्यार्थ्याला ज्या घरी ठेवायचं, ते घर आधी पाहून यावं लागतं. त्या कामाचे नवे स्वयंसेवक दर वर्षी आमच्या घरी सराव करतात. माझी बायको कुमुद गेल्यावर हे पहिलंच वर्ष. घर मी तिच्यासारखंच ठेवलंय. यंदा विद्यार्थी खरोखरच माझ्याकडे द्या, असा अर्जही केला होता.

त्यांना शिकवणाऱ्या निमकर मॅडमनी मुलीचा फॉर्म पाहिला. "'घर योग्य' यापुढे फुली? अगं, खोली स्वच्छ आहे, काकांना स्वयंपाक येतो."

मुलगी माझ्याकडे बघेना. "काकांनी सगळी उत्तरं दिली, मॅडम. पण तासाभरात आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. इतक्या लांबून आलेला मुलगा इथे गप्पच होऊन जाईल."

"काहीतरीच तुझं! काका, मनावर घेऊ नका."

विचारायचं काम कुमुदचं होतं. माणूस चपला काढेपर्यंत ती त्याचं गाव, आईवडील, पथ्यपाणी सगळं काढून घ्यायची. मी आतून ऐकायचो.

"राहू द्या फुली," मी म्हणालो. "बरोबर आहे तिचं."

सगळे निघाले. मुलगी दारात सँडलचा पट्टा लावत होती. काय विचारावं, ते मला पटकन सुचेना.

"दुपारचं जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही, काका," ती म्हणाली, आणि लावलेला पट्टा सोडवू लागली.