परगावचा भत्ता

“भाव वाढलेलेच नाहीत,” विष्णुपंत तिसऱ्यांदा म्हणाले.

अंबरनाथच्या कारखान्यात, कामगारांच्या जेवणघरात सुनावणी चालू होती. बाकांवर कामगारांचे प्रतिनिधी बसले होते. समोर कारखान्याचे लेबर ऑफिसर विष्णुपंत, आणि मधल्या खुर्चीवर मुंबईहून आलेले सरकारी अधिकारी. कामगारांना महागाई भत्ता हवा होता. विष्णुपंतांचं म्हणणं सरळ होतं. भत्त्याला कारखान्याची ना नाही, फक्त आधी महागाई हवी. १९५३ साली ती सगळ्या देशात होती. अंबरनाथच्या हद्दीत शिरण्याची मात्र विष्णुपंतांनी तिला परवानगी दिली नव्हती.

“लेखी काही आहे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“आहे तर! मंगळवारीच सविस्तर पत्र लिहिलंय. कुमुदिनीबाई, वाचा. मराठीतून सांगा, म्हणजे ह्यांच्याही डोक्यात शिरेल.”

टायपिस्ट कुमुदिनीने फाईल उघडली. मंगळवारी तिने विष्णुपंतांची दोन पत्रं टाईप केली होती. एक युनियनला: भाव वाढलेले नाहीत. दुसरं मुंबईच्या हेड ऑफिसला, क्राउससाहेबांविषयी.

क्राउससाहेब ऑस्ट्रियाचे. मधू फिटरला नवं यंत्र शिकवून परत जायचं, एवढ्यासाठी आलेले. सरकारने त्यांना सहा महिने राहण्याचा परवाना दिला होता. मधू चार महिन्यांत शिकला. तेव्हापासून यंत्र अडलं की साहेब मधूला हाक मारत. पण विष्णुपंत दर सहा महिन्यांनी सरकारला कळवत, की इथला माणूस अजून तयार झालेला नाही, साहेबांची मुदत वाढवावी. मुदत चार वेळा वाढली होती. या खेपेला साहेबांचा भत्ताही वाढवायचा होता.

कुमुदिनी अंबरनाथ पूर्वेला आईबरोबर दोन खोल्यांत राहायची. त्या सकाळीच घरमालक भाडं वाढवल्याचं सांगून गेला होता. तिने पहिलं पत्र उचललं, पुन्हा ठेवलं, आणि दुसरं काढलं.

“‘अंबरनाथला राहणं आता सभ्य माणसाला अशक्य झालं आहे,’” तिने सुरुवात केली. “‘पलीकडे निर्वासितांच्या छावण्या झाल्यापासून घरभाडी आवाक्याबाहेर गेली आहेत. दुधात पाणी असतं, आणि तेवढ्यासाठीही रांग लावावी लागते. कोळसा दर आठवड्याला चढतो. अशा दिवसांत आहे त्या पगारात भागवा म्हणणं माणुसकीला धरून नाही.’”

या वाचनाबद्दल पुढच्याच महिन्यात कुमुदिनीला टायपिंगवरून काढून गोदामाच्या खिडकीत बसवण्यात आलं. त्या दिवशी मात्र शेवटची ओळ वाचून होईपर्यंत ती थांबली नाही.

कामगारांचा पुढारी हिंदुराव तीन महिने अर्ज खरडत होता, पण इतकं नेमकं त्याला एकदाही जमलं नव्हतं. विष्णुपंतांबद्दल त्याला आयुष्यात पहिल्यांदा आदर वाटला. पॅकिंगमधल्या बनूबाईने तर डोळ्याला पदर लावला.

“अहो, ते क्राउससाहेबांचं पत्र!” विष्णुपंत ओरडले. “ते वेगळं!”

“साहेबांचा दूधवाला वेगळा आहे का?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“तसं नाही. साहेब पडले परके. आपलं घरदार, मुलूख सोडून जो माणूस कामाला येतो, त्याला जगणं महाग पडतं. त्याचा विचार करायलाच हवा. इथल्यांचं तसं नसतं.”

“म्हणजे मुलूख सोडून आलेल्याला भत्ता द्यावा, हे कारखान्याला मान्य आहे?”

“तत्त्वतः मान्य,” विष्णुपंत म्हणाले. तत्त्वतः काहीही मान्य करायला ते कधी कचरत नसत.

अधिकाऱ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं, त्याखाली विष्णुपंतांची सही घेतली, आणि बाकांकडे वळले. “तुमच्यापैकी जे आपला मुलूख सोडून इथे आले असतील, त्यांनी उभं राहावं.”

हिंदुराव साताऱ्याकडचा. तो उठला. चिपळूणचा धर्मराज उठला. नगरची बनूबाई, मधू, त्यांच्या मागचे सगळे उठले. निर्वासितांच्या कॅम्प एकच्या बराकीतून येणारा, सिंध सोडून आलेला तोलाराम सगळ्यांत आधी उठला होता. “साहब, मुलूख तर सोडलाच,” तो म्हणाला, “आता परत जायला परवाना पण नाही मिळत.” विष्णुपंत स्वतः सांगलीचे. भत्ता म्हटल्यावर तेही खुर्चीतून अर्धे उठले, आणि भानावर येऊन बसले.

अधिकाऱ्यांनी नावं लिहून घेतली. उभ्या असलेल्या सगळ्यांना आणि त्यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या प्रत्येक कामगाराला भत्ता द्यायचा, असं ठरलं.

मागच्या बाकावर एकजण मात्र बसूनच होता. बॉयलरवरचा अनंता. विष्णुपंतांचा चेहरा एकदम उजळला. महागाई न झालेला निदान एक माणूस त्यांना सापडला होता.

“हा बघा! हा इथला. बापजाद्यांपासून अंबरनाथचा. ह्याला विचारा, आहे का काही त्रास?”

“काय हो, तुम्ही इथलेच?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हितलाच, साहेब.”

“राहता कुठे?”

“बुवापाड्यात. भाड्यानं.”

“इथले, आणि भाड्याने?”

अनंताने डोकं खाजवलं. आपल्यामुळे साहेबांच्या लिहिण्याचा घोटाळा होतोय, याचं त्याला वाईट वाटत असावं.

“काय हाय साहेब, हे सगले लांबून आले, म्हणून उठले. मी कुटं गेलो नाय, कुटून आलोबी नाय. कारखान्याला जागा घेतली तवा घर गेलं, शेत गेलं. तुमची खुर्ची हाय ना, तितं माजी भाताची खाचरं व्हती. मग आता मी उठू, का बसून राहू, तेवढं सांगा.”