वीतभर थर

जावईबापूंनी खांद्यावरचं पोतं टेबलावर उतरवलं, तोंड उसवलं आणि मूठभर काळसर भुसा सासूबाईंच्या तळहातावर ठेवला.

"पीट मॉस, आई. कुंड्यांत भरायला एक नंबर! तुमच्या रोपवाटिकेला हंगामाची तीनशे पोती लागतात, तेवढी माझ्याकडून घेतलीत की एजन्सी माझी. कंपनीला संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

नोकरी सोडून त्यांना दोन महिने झाले होते. मुलगी फोनवर काही बोलत नसे, पण न बोलण्यातूनच आईला सगळं कळत होतं. तीनशे पोती म्हणजे लेकीच्या घराचं बस्तान बसणार होतं.

बाईंनी भुसा चोळला, हुंगला. माल खरंच चांगला होता. त्यांनी तो परत पोत्यात टाकला आणि हात झटकले.

"नको."

"अहो आई, वीस वर्षं तुम्ही हेच तर वापरलंत!"

"वापरलं. कुठून येतं ते विचारलं नाही. तुम्ही विचारलंत?"

जावईबापू प्रामाणिक माणूस. कंपनीनं शिकवलेलं सगळं त्यांना पाठ होतं. "दलदलीतून. शेवाळ पाण्याखाली दबत जातं, त्याचा थर साचतो. आधी पाणी काढून टाकायचं, मग थर खरवडायचा."

"आणि पुन्हा किती साचतो?"

"वर्षाला एखादा मिलिमीटर." हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला.

बाईंनी एक रिकामी कुंडी पुढे ओढली आणि आत वीत लावली. बरोबर वीतभर खोल. "म्हणजे एवढा थर साचायला दोनशेच्या वर वर्षं. त्यात आपण लावणार झेंडू, तो तीन महिन्यांत उकिरड्यावर. वर दलदल सुकली की तिनं इतकी वर्षं दाबून ठेवलेला कार्बन हवेत. नकळत केलं, त्याचीच मला लाज वाटते. आता कळून सवरून नाही करायची."

"पण हे नैसर्गिक आहे. पोत्यावरच छापलंय."

"दगडी कोळसाही नैसर्गिकच असतो, जावईबापू."

जावईबापू पालथ्या क्रेटवर बसले. चिडले नाहीत. "मग मी विकू काय?" एवढंच म्हणाले, आणि ते बाईंना लागलं.

शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत त्या कुणाला फिरकू देत नसत. गेल्या हंगामात त्यांची रोपं अशी काही तरारली होती, की पलीकडच्या रोपवाटिकेचा मालक कुंडीतली चिमूटभर माती रुमालात बांधून नेताना सापडला होता. पोटच्या पोरीलाही बाईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती. आज त्यांनी कुलूप काढलं आणि आतला कुंड्यांत भरायच्या मिश्रणाचा ढीग दाखवला.

"तीन घमेली कुजलेला पाला, दोन घमेली नारळाच्या सोडणांचा भुसा, एक घमेलं कुजवलेली झाडाची साल. पाला वर्षभर मुरू द्यायचा. मी घाई केली, तर पहिली सगळी रोपं पिवळी पडली होती."

जावईबापूंनी बाह्या वर सारल्या आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आतून ऊब लागली.

"यातून किती पोती निघतील?"

"माझ्या कुंड्या भरून विकायला उरतील ती यंदा वीस. पुढच्या वर्षी तुमचा जोर लागेल तेवढी."

जावईबापू पहिल्यांदाच हसले. मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "कृती बाहेर फुटायची नाही, निर्धास्त राहा."

"फुटू दे की! पलीकडच्याला तर आधी सांगा. तो अजून पोतीच्या पोती पीट भरतोय."

"आणि आपलं गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं तर?"

बाईंनी घमेलं त्यांच्या हातात दिलं.

"कृतीच नेईल ना? हात थोडेच नेणार आहे!"