सोमवारचं मौन

“सोमवारी सूर्यास्तापर्यंत तोंड उघडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी,” सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. खासदार झाल्यावरही कुमुदिनीताईंनी ते मौन मोडलं नाही. म्हणूनच संसदीय समितीच्या अध्यक्षांनी मित्रराष्ट्राला तोफा विकण्याचा विषय मुद्दाम सोमवारी घेतला.

“आक्षेप असेल त्यांनी बोलावं,” साबुदाणावडा मोडत ते म्हणाले. “ताई गप्प, म्हणजे ताईंना मान्य. देवच आपल्या बाजूचा.”

त्या देशातून पळून आलेल्या एका आईला ताईंनी शब्द दिला होता: तोफा कुणावर डागणार, हे विचारल्याशिवाय विकू देणार नाही. त्यांनी टेबलाभोवतीची डोकी मोजली, मनोमन सासूबाईंना नमस्कार केला आणि पिशवी उचलली.

“अहो, बसा,” अध्यक्षांचा वडा हातातच राहिला. “तुम्ही गेलात तर गणसंख्या मोडेल, बैठकच बारगळेल.”

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्या दाराकडे निघाल्या.