पाच तासांचं मौन

अरे, तू नुसतं ऐक! ऑनलाइन गेममध्ये मंदार जादूगार, समोर त्याचीच ताई शाल्मली, तलवारवाली. दोघांच्या डोक्याला गेमचे पट्टे, थेट मेंदूला जोडलेले.

"मौन-मंत्र मारायचा नाही हं, चारला माझी मुलाखत आहे," ताईनं आधीच बजावलेलं. त्या मंत्रानं पाच तास खरोखरची वाचा जाते ना!

"नाही गं मारत."

पण आगीचा मंत्र पुरा व्हायला तीन सेकंद लागतात, आणि ताई दर वेळी दुसऱ्याच सेकंदाला अंगावर!

"काय रे पोपट, मंत्र विसरलास?" ताईनं डिवचलं, आणि ऑनलाइन बघणारे दोनशे जण खिदळले.

मंदारनं मौन मारलं; ते एका सेकंदात लागतं आणि समोरचा क्षणभर जागीच थिजतो, तेवढ्यात आगीचा मंत्र पुरा. आयुष्यात पहिल्यांदा ताईला हरवलं.

मुलाखतीत ती नुसते ओठ हलवत बसली. संध्याकाळी वाचा परत आली. ती आईशी बोलली, बाबांशी बोलली, मंदारशी आजपर्यंत नाही.

तू काय केलं असतंस रे?